घरचा धंदा आणि गावचे पाणी

घरी राहून आपल्या हातांनी पोट भरावे, मजुरीसाठी परक्याच्या दारी उभे राहू नये, ही इच्छा मनुष्याच्या ठायी स्वाभाविक आहे. ज्याने ऊसतोडीसाठी दिवाळीमागून बिऱ्हाड गाडीवर लादले आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सोडविली, त्याला या इच्छेचे मोल सांगावे लागत नाही. प्रेषित पौल राहुट्या करण्याचा धंदा जाणत होता व कोणावर आपला भार पडू नये म्हणून हातांनी काम करी, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा घरी धंदा करावा की करू नये, हा वाद येथे नाही. विचार करावयाचा तो इतकाच की, घरच्या धंद्यास मनुष्याने 'हा माझा' असे कोठवर म्हणावे?

याचे उत्तर शोधण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, नगर तालुक्यात हिवरे बाजार हे गाव आहे. पाऊस बेताचा, डोंगर उघडे, विहिरी उन्हाळ्यापूर्वीच कोरड्या, अशी या गावाची एके काळी स्थिती होती. १९७२ च्या दुष्काळानंतर तर ती फारच खालावली. जनावरे विकून पुष्कळ कुटुंबे मुंबई-पुण्याकडे गेली. मागे राहिलेल्यांत दारू व भांडणे वाढली. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि तेथून गावाने आपली वाट बदलली. पुढे १९९० नंतरच्या दशकात गाव आदर्श गाव योजनेत आले. डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे लाविली, श्रमदान केले. याच दशकाच्या मध्यास तेथे दिवसाला सुमारे १५० लिटर दूध निघत असे, ते काही वर्षांनी ४००० लिटरांच्या वर गेले. बाहेर गेलेली कुटुंबे परत येऊ लागली. २०२० मध्ये श्री. पवार यांस पद्मश्री हा किताब मिळाला.

आता या दुधाकडे नीट पाहू. गाय ज्याच्या दारी बांधली ती त्याची. पहाटे उठून शेण काढणारी गृहिणी त्याच्या घरची, आणि दुधाचा पैसाही त्याच्याच घरी येतो. याहून अधिक घरचा असा धंदा दुसरा कोणता? तरी पण ती गाय पिते ते पाणी कोणाचे? ती खाते ते गवत कोठले? गवत गावच्या डोंगरावर उगवले, आणि ते उगवले याचे कारण गावाने तेथे जनावरे मोकळी सोडणे बंद केले व विळ्याने कापून आणण्याची रीत घातली. पाणी विहिरीत राहिले, कारण शेतीसाठी कूपनलिका खोदावयाची नाही, ऊस व केळी लावावयाची नाहीत, असे ग्रामसभेने ठरविले. दरवर्षी पावसाचे व विहिरींचे पाणी मोजून हिशेब मांडतात. माणसांच्या व जनावरांच्या पिण्यापुरते आधी राखतात, आणि उरेल त्याप्रमाणे कोणते पीक किती घ्यावे ते ठरते. म्हणजे ज्या दुधास आपण घरचे म्हणतो, त्याच्या प्रत्येक थेंबात शेजाऱ्याचा संयम मिसळलेला आहे. शेजाऱ्याने कूपनलिका खोदली नाही, म्हणून माझ्या दारची गाय दूध देते.

येथे कोणी म्हणेल, "संयमाची गोष्ट सांगणे सोपे, पण तिचा भार गरिबावरच पडतो." हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. डोंगर बंद झाला की पहिला घाव शेळ्या राखणाऱ्या विधवेला लागतो. ज्याला स्वतःचा बांध आहे, तो बांधावरचे गवत कापून निभावतो. जिला बांधच नाही, तिने काय करावे? म्हणून नियम चांगला की वाईट, हे त्याच्या शब्दांवरून ठरत नसून तो कोणाकोणाला बांधतो यावरून ठरते. केवळ चराई बंद करणे म्हणजे दुबळ्याचे हात बांधणे होय. परंतु जेथे चराईबरोबर कूपनलिकाही बंद, उसाचा लोभही बंद, तेथे विहीरवाल्या शेतकऱ्यासही काही सोडावे लागते. आणि जमीन नसलेल्याने विळा घेऊन डोंगरावरचे गवत आणावे व एक गाय पोसावी, ही वाट मोकळी राहिली, तर ज्याने आधी सोसले त्याला लाभातही वाटा मिळतो. हिवरे बाजारच्या गोष्टीतून दुसऱ्या गावांनी काही घ्यावयाचे, तर नुसती चराईबंदी घेऊ नये. सर्वांस लागू पडणारा संयम घ्यावा.

दुसरीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गरीब घरात चुलीवर दारू गाळून विकणे, हाही घरबसल्या धंदाच होय! त्यास भांडवल थोडे व गिऱ्हाईक पुष्कळ, आणि घर सोडावे लागत नाही. पण त्याचा पैसा शेजारणीच्या डब्यातील पिठातून येतो. हिवरे बाजारने दारूचे अड्डे बंद केले. मात्र तेवढ्यावर न थांबता ग्रामसभेने महाराष्ट्र बँकेशी बोलून गरीब कुटुंबांस कर्जे मिळवून दिली, आणि त्यांत पूर्वी दारू विकणारेही होते. एखाद्याचा वाईट धंदा मोडावा आणि त्याच्या मुलांच्या भाकरीची चौकशी करू नये, हे अर्धेच नीतिकार्य झाले. पुष्कळ वेळा उपदेश येथेच अडतो.

सर्वांच्या दारी गाय बांधता येईल असे नाही. कोणी पापड लाटील, कोणी शिवणयंत्र चालवील, कोणी विड्या वळील. तेथेही हाच विचार लागू पडतो. विडी वळणारी बाई घरीच बसते, पण पान व तंबाखू कारखानदाराची, माप त्याचे, आणि वळलेल्या विड्यांतून छाट काढून टाकणाराही त्याचाच माणूस. तिचे घर हे त्याच्या कारखान्याचा एक कोपरा झाले. म्हणूनच अशा बायांस कामगार म्हणून संरक्षण मिळावे यासाठी सरकारला १९६६ मध्ये कायदा करावा लागला. उलट पक्षी १५ मार्च १९५९ रोजी मुंबईस गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचे काम आरंभिले, ते आज 'लिज्जत' या नावाने सर्वांस माहीत आहे. तेथेही बाया मळलेले पीठ घेऊन जातात व घरी पापड लाटून आणून देतात. पण तेथे लाटणारी प्रत्येक भगिनी त्या संस्थेची मालकीण समजली जाते, आणि नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो. दोन्हीकडे काम घरीच, हात बाईचेच, तरी एक मजूर आणि दुसरी धनीण. हा फरक घराच्या भिंतींनी केलेला नाही. तो आपसांतील व्यवस्थेने केलेला आहे.

सांप्रत मोबाईलवर निरोप येतात की, आधी इतके रुपये भरा, मग घरबसल्या हजारो मिळवा. ज्या धंद्यात काम काय ते कोणी सांगत नाही, माल कोण घेणार ते दिसत नाही, आणि पैसा मात्र आपणच प्रथम द्यावयाचा, तो धंदा नव्हे, ते जाळे होय. उपदेशक बंधूंनी हे मंडळीत उघडपणे सांगावे, कारण फसलेला मनुष्य लाजेने बोलत नाही.

तर मग घरी धंदा आरंभिताना मनुष्याने आपल्याशी तीन प्रश्न करावे. माझ्या मिळकतीसाठी कोणाचे पाणी, कोणाचे पीठ, कोणाची झोप खर्ची पडते काय? माप व भाव ठरविताना माझा शब्द चालतो काय? आणि ज्यांच्या संयमावर माझा धंदा उभा आहे, त्यांच्यासाठी मी काय सोडण्यास तयार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा लवकर सापडतात. तिसरे उत्तर मात्र उन्हाळ्यात विहीर तळाला जाते तेव्हा कृतीने द्यावे लागते. आपल्या शेतातील एक पाळी कमी करून शेजाऱ्याच्या गायीस पाणी राहू देणारा मनुष्य त्या दिवशी काही रुपयांस मुकतो, यात शंका नाही. पण तसे मुकणारे गावात असतात, म्हणूनच कोणासही पोटासाठी गाव सोडावे लागत नाही.