सौजन्य आणि लाचारी



दीक्षा घेतलेल्या नव्या कुटुंबाचे पहिले प्रश्न बहुधा ठरलेले असतात. जुने देव काढल्यावर त्या कोनाड्यात काय ठेवायचे? मुलीचे लग्न कोणत्या विधीने लावायचे? वंदना पाठ नसेल तर वाचून म्हटली तर चालेल काय? हे प्रश्न योग्यच आहेत आणि त्यांची उत्तरे विहारात मिळतात. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आता मी माणसांशी वागायचे कसे? शेजाऱ्याशी, सुनेशी, कचेरीतल्या साहेबाशी, काल ज्यांनी आपल्याला उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांच्याशी, आणि आपल्याबरोबर दीक्षा न घेतलेल्या सख्ख्या भावाशी बोलायचे कसे?

तुम्ही म्हणाल, हा तर साधा लोकव्यवहार झाला. यात धम्म कुठे आला? धम्म इथेच आला. पूज्य बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी धर्म आणि धम्म यांतला भेद स्पष्ट केला आहे. धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब मानली जाते. धम्म मात्र मुळातच सामाजिक आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसांचा एकमेकांशी संबंध आला की त्यांना धम्म टाळता येत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. मग या दोन माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, कसे ऐकावे, कसे भांडावे आणि भांडण कसे मिटवावे, हा प्रश्न गौण कसा ठरेल?

तरीही या विषयाला आपल्या वस्तीत एक आडकाठी आहे, आणि ती आपल्या इतिहासातून आलेली आहे. "नम्रतेने बोला" असे कोणी सांगितले की आपल्या मनात चटकन कळ उठते. कारण नम्रता आपल्याला शिकवली गेली ती पाठीवर काठी ठेवून. गावात शिरताना "जोहार मायबाप" म्हणून वाकायचे, वाड्याच्या पायरीखाली उभे राहायचे, विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. वाड्यातल्या दहा वर्षांच्या पोराने सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला अरे-तुरे करायचे आणि म्हाताऱ्याने "जी मालक" म्हणायचे. आपल्यापैकी कोणाच्या आजोबांनी हे सोसले, कोणाच्या आईने सोसले. मग एखादा तरुण ताठ मानेने विचारतो, "पिढ्यान्‌पिढ्या गोडच बोललो, काय मिळाले? आता कशाला गोड बोलायचे?" हा प्रश्न उर्मटपणाचा नाही, जखमेचा आहे. त्याला उपदेशाने नव्हे, विचाराने उत्तर दिले पाहिजे.

विचार असा करू. लाचारी आणि सौजन्य बाहेरून सारखी दिसतात. दोन्हींत आवाज मऊ असतो, दोन्हींत हात जोडलेले असतात. फरक ओळखायचा कसा? समोरचा माणूस बदलून पाहावा. लाचार माणसाचा आवाज समोरचा पाहून बदलतो. साहेबापुढे तो लोणी होतो आणि घरी येऊन बायकोवर खेकसतो. मामलेदाराला "आपण" म्हणतो आणि झाडूवाल्याला "ए" म्हणून हाक मारतो. सौजन्य मात्र दोघांना एकाच सुरात बोलते. म्हणजे लाचारीचे मूळ मऊ आवाजात नसून उतरंड मान्य करण्यात आहे.

आता उद्धटपणाकडे पाहा. वर वाकत होतो तो आता खाली गुरगुरतो. पण उतरंड तीच राहिली, फक्त आपली पायरी बदलली. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते यासाठीच. तिच्यात प्रत्येकाच्या डोक्यावर कोणी आहे आणि पायाखालीही कोणी आहे, म्हणून ती मोडायला कोणी मनापासून तयार होत नाही. तेव्हा उद्धट बोलणे म्हणजे स्वाभिमान, असे मानणारा माणूस विषमतेतून बाहेर पडलेला नसतो. तो तिच्यातच दुसऱ्या जागी जाऊन बसलेला असतो.

आपले अभिवादनच पाहा ना. जोहार एका बाजूने जात असे. त्याला उलट जोहार नव्हता. "जयभीम"ला मात्र उत्तर "जयभीम" हेच. म्हणणारा आणि ऐकणारा दोघेही ताठ उभे, दोघांच्या तोंडी एकच शब्द. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांना दिले जाते. दोन-दोन अक्षरी शब्दांनी केवढी क्रांती केली! सौजन्य आणि समता एकाच श्वासात बोलता येतात, याचा हा रोजचा पुरावा आपल्या ओठांवर आहे.

भगवान बुद्धांची वागणूक कशी होती? दीघनिकायात चंपा नगरीच्या सोणदंड ब्राह्मणाची कथा आहे. गौतमाला भेटायला आपण का जावे, हे तो इतर ब्राह्मणांना सांगतो. त्या वर्णनात बुद्धांच्या ज्ञानाबरोबर त्यांचा स्वभावही येतो. आलेल्याला "या, स्वागत आहे" म्हणणारे, कपाळाला आठी नसलेले, मोकळ्या चेहऱ्याचे आणि 'पुब्बभासी', म्हणजे स्वतः आधी बोलणारे. समोरच्याने आधी नमस्कार करावा म्हणून ते वाट पाहत बसत नसत. ज्यांच्या संघात शाक्य राजपुत्रांच्या आधी उपालि न्हाव्याला प्रव्रज्या मिळाली आणि म्हणून त्या राजपुत्रांना उपालीला वंदन करावे लागले, त्या बुद्धांना आधी बोलण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

पण गोड बोलणे म्हणजे तोंडपुजेपणा नव्हे, हेही बुद्धांनीच सांगितले. सिगालाला उपदेश करताना त्यांनी मित्राच्या वेषातले शत्रू चार प्रकारचे सांगितले; त्यांत एक तोंडपुजा आहे. तो तुमच्या बऱ्याला होय म्हणतो, वाईटालाही होय म्हणतो, तोंडावर स्तुती करतो आणि पाठीमागे निंदा. आणि अभय राजकुमाराने जेव्हा विचारले की तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतील काय, तेव्हा बुद्धांनी त्याच्या मांडीवरच्या लहान मुलाकडे बोट दाखवले. या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची दया आहे. बुद्धांचे उत्तर त्यातच होते. खरे आणि हिताचे असेल तर कटूही बोलावे लागते; मात्र वेळ पाहून, करुणेने. चारचौघांत एखाद्याची दारू काढणे आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन, शेजारी बसून, "भाऊ, लेकरांकडे पाहा" म्हणणे, दोन्हींत सत्य एकच आहे. काडी मात्र दुसऱ्यानेच निघते.

आता हे शिकायचे कसे? "माझा स्वभावच तसा" असे म्हणून सुटता येणार नाही. पालीत चांगल्या कर्माला 'कुशल' कर्म म्हणतात. कुशल म्हणजे चांगले आणि कुशल म्हणजे कसबी. कसब कोणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही. सुताराचे पोर रंधा मारून मारूनच शिकते. आळवी येथील हत्थक नावाच्या उपासकाभोवती पाचशे उपासकांचा समुदाय होता. इतकी माणसे तू एकत्र कशी ठेवतोस, असे बुद्धांनी त्याला विचारले. तो म्हणाला, आपणच शिकवलेल्या चार संग्रहवस्तूंनी. त्या चार अशा: दान, प्रिय वाणी, अर्थचर्या आणि समानता. यांतली एकही पैसेवाल्यांपुरती नाही.

दान म्हणजे केवळ विहाराच्या पेटीत टाकलेला रुपया नव्हे. शेजारची म्हातारी तेच दुःख दहाव्यांदा सांगते, तेव्हा तिला दिलेली पंधरा मिनिटे हेही दानच. आपल्यातले पुष्कळ लोक भाषण चांगले करतात. ऐकणारे थोडे आहेत.

प्रिय वाणी घरापासून सुरू करावी. गावाने आपली नावे मोडली, धोंडिबाचा धोंड्या केला. ते काम आता आपणच आपल्या घरात का चालू ठेवावे? मुलांना पूर्ण नावाने हाक मारा. पत्नीचा चारचौघांत पाणउतारा करू नका. सिगालाच्या उपदेशात पतीच्या कर्तव्यांमध्ये पत्नीचा मान राखणे आणि तिचा अवमान न करणे स्पष्ट सांगितले आहे. ज्या घरात बाई घाबरून बोलते, त्या घराच्या भिंतीवर बुद्धांचे चित्र असून उपयोग काय?

अर्थचर्या म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडणे. एक भिक्षू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता. तो कोणाच्या कामी येत नव्हता म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. बुद्धांनी आनंदाबरोबर स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा आशयाचे सांगितले. तुमच्या वस्तीत कोणाला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता येत नाही, कोणाला सरकारी दवाखान्यात कोणत्या खिडकीवर जायचे ते कळत नाही. त्याच्याबरोबर जाणे ही बुद्धपूजाच आहे.

चौथी समानता, आणि इथे मला जुन्या बौद्धांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जी दीक्षा झाली, तिची परंपरा सांगणारी घरे आज अनेक आहेत. त्यानंतर निरनिराळ्या जातींतून, भटक्या-विमुक्तांतून नवी कुटुंबे धम्मात येत आहेत. अशा कुटुंबाला विहाराच्या दारात पहिला प्रश्न येतो, "तुम्ही पूर्वीचे कोण?" विचारणाऱ्याच्या मनात कदाचित वाईट नसेल. पण ज्या प्रश्नापासून पळत तो माणूस इथवर आला, तोच त्याला इथे उंबऱ्यावर भेटला. सर्व माणसे समान आहेत, ही बावीस प्रतिज्ञांतली प्रतिज्ञा याच दारात खरी किंवा खोटी ठरते. नव्या बंधूंनो, तुम्हाला हा प्रश्न आला तर रागावून परत फिरू नका. "मी बौद्ध आहे" एवढेच शांतपणे सांगा आणि आत जाऊन बसा. आणि जुन्या बंधूंनो, तुम्ही पुब्बभासी व्हा. उठून त्याला आपल्या शेजारी जागा द्या.

आपापसांतल्या भांडणाचेही बोलले पाहिजे. कोसंबीच्या भिक्षूंत फूट पडली ती शौचाच्या भांड्यात राहिलेल्या थोड्या पाण्यावरून. बुद्धांनी समजावले तरी ते ऐकेनात, तेव्हा ते त्यांना सोडून निघून गेले. पुढे उपासकांनी त्या भिक्षूंना भिक्षा आणि वंदन देणे थांबवले, तेव्हा कुठे ते शुद्धीवर आले. याच वेळी बुद्ध जिथे गेले तिथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल दूध-पाण्यासारखे एकत्र राहत होते. त्यांचे रहस्य काय होते? जो भिक्षेहून आधी परते तो आसने मांडी, पाणी भरून ठेवी. जो शेवटी येई तो सगळे झाडून आवरी. कोणाची पाळी, हा वादच नव्हता. आपल्या विहार समित्यांत अध्यक्ष कोण यावर वर्ष-वर्ष बोलणे बंद असते. सतरंज्या कोण घालणार यावर कधी भांडण झाल्याचे ऐकले आहे काय?

शेवटी दीक्षा न घेतलेल्या नातेवाइकांचा प्रश्न. भाऊ जत्रेला बोलावतो, नवसाचे जेवण आहे म्हणतो. प्रतिज्ञा मोडायची नाही, हे निश्चित. पण "तुमचे देव दगड" असे पंगतीत ओरडल्याने प्रतिज्ञा अधिक पाळली जाते असे नाही. "दादा, मी पूजेला येणार नाही, पण उद्या तुला आणि वहिनीला भेटायला येतो," असे म्हणा आणि खरोखर जा. त्याच्या आजारपणात आधी तुम्ही पोहोचलात, तर धम्म काय आहे हे तो तुमच्याकडे पाहून विचारील.

आणि संघर्षाचे काय? संघर्ष सोडावा असे कोणी म्हणत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. माणसे चिडली होती, संख्येने कमी नव्हती. तरीही बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा महाडला आले, हक्क तसूभरही सोडला नाही. मागणी ठाम आणि वागणूक संयमी, या दोन गोष्टी एकत्र नांदतात हे तिथे दिसले.

तेव्हा येत्या पौर्णिमेपर्यंत एवढेच करून पाहा. ज्याच्याशी बोलणे बंद आहे अशा एका माणसाला रस्त्यात गाठून तुम्ही आधी "जयभीम" म्हणा. तो उत्तर देईल किंवा देणार नाही. तुमची मान त्याने खाली जाणार नाही. आणि धम्माला मात्र दोन माणसांमध्ये जागा मिळालेली असेल.