पहिली किक कुणी मारायची

आभाळ भरून आलं की आमच्या दादाचा उजवा घोटा ठणकायचा. पाऊस येणार हे तो रेडिओच्या आधी सांगायचा आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. हा घोटा १९८३ साली आमच्याच अंगणात, आमच्याच बुलेटची किक उलटी बसून मोडला होता. मी तेव्हा नववीत होतो. पहाटेचे साडेचार वाजले असतील. दुधाच्या किटल्या गाडीला बांधून झाल्या होत्या. 'फट्' असा एकच आवाज झाला आणि दादा किटल्यांसकट आडवा झाला. आईनं आधी दूध सावरलं की दादाला, हे मला आता आठवत नाही. बहुतेक दूधच.

ज्यांनी जुन्या बुलेटला कधी किक मारली नाही त्यांना हे कळायचं नाही. साडेतीनशेची गाडी, एकच सिलिंडर, त्यात पिस्टन नव्वद मिलिमीटर खालीवर जाणारा. तिला किक मारणं हा एक विधी होता. चावी फिरवायची, हेडलाइटच्या वर बसवलेल्या अँपिअरच्या काट्याकडं बघत किक पायानं हळूहळू दाबायची. काटा मधोमध आला की थांबायचं. डाव्या हाताची डिकॉम्प्रेशनची खिटी दाबून सिलिंडरमधली कोंडलेली हवा सोडायची आणि किक जरा पुढं ढकलायची. मग खिटी सोडून, किक वर येऊ देऊन, अंगातला सगळा भार टाकून एकदाच मारायची. वडिलांनी हे आम्हाला शिकवलं ते जेवायच्या आधी हात धुवायला शिकवावं तसं.

पण दादानं त्या दिवशी यातलं काही चुकवलं नव्हतं. चूक आतली होती, टायमिंगची.

टायमिंग म्हणजे काय, ते मला स्टँडमागच्या मिस्त्रीनं नंतर समजावलं. पिस्टन वर येताना पेट्रोल-हवेचा कोंडमारा करतो. तो पुरता वर पोचायच्या थोडं आधी प्लगमध्ये ठिणगी पडावी लागते, कारण जाळ पसरायला वेळ लागतो. जाळाचा जोर पिस्टन वरून खाली फिरल्यावर बसला पाहिजे. गाडी जोरात पळत असली, मिनिटाला तीन हजार फेरे होत असले, तर एक फेरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपतो. जाळ पसरायचा वेळ तेवढ्या पटीत कमी होत नाही, म्हणून ठिणगी जास्त आधी पाडावी लागते. किक मारताना मात्र इंजिन रेंगाळत फिरतं. तेव्हा ठिणगी फार आधी पडली, तर वर चाललेल्या पिस्टनलाच जाळ खाली ढकलतो. इंजिन उलटं फिरतं आणि त्याच्यासोबत किक आणि किकवरचा पाय.

हे आधी-नंतर सांभाळायला आत दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा असत. वेग वाढला की वजनं बाहेर पसरायची आणि ठिणगी आधी पडायची. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना आत ओढायच्या. बाकी सगळं मिस्त्रीच्या हातात. तो आधी पॉइंटमधली फट बघायचा, कारण फट बदलली की टायमिंगही सरकतं. मग सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या चिमटीत धरून इंजिन तसूतसूनं फिरवायचा. कागद सैल झाला, की पॉइंट उघडले. त्या क्षणी पिस्टन वर पोचायला पाऊण मिलिमीटरभर बाकी असला पाहिजे. सैल होणारा कागद बोटाला कळतो, डोळ्याला नाही.

दादाला प्लॅस्टर घातलं त्याच दिवशी संध्याकाळी मिस्त्री सायकलवर आमच्या घरी आला. गाडीचं झाकण खोललं, बॅटरी लावून आत बघितलं आणि उंबऱ्याबाहेरच बसला. म्हणाला, "वजनं गंजून पसरलेलीच अडकल्यात. परवा गाडी आणली तवा पॉइंट घासलं, फट बघितली. वजनं खोलली न्हाईत. गिऱ्हाईक थांबलं हुतं. चूक माझी हाय."

वडील काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला अंगणात सायकल वाजली. मिस्त्रीनं किटल्या बांधल्या, गाडीला किक मारली, तालुक्याला दूध घातलं आणि मग आपलं दुकान उघडलं. असं सव्वा महिना, दादाचं प्लॅस्टर निघेपर्यंत. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पैशाचा विषयही कुणी काढला नाही. आई रोज त्याच्यापुढं चहाचा कप ठेवायची, तेवढंच. दादा मात्र पुढं आयुष्यभर जरासा लंगडला आणि आयुष्यभर गाडी त्याच मिस्त्रीकडं नेत राहिला. गावातले लोक हसायचे. दादा म्हणायचा, "त्याला माझा पाय ठाऊक हाय. दुसऱ्याला न्हाई."

मिस्त्री गेला, नंतर दादाही गेला. बुलेट दोन वर्षं गोठ्याच्या कडेला पोत्याखाली पडून होती. मग पुण्यात नोकरी करणारा दादाचा मुलगा एका शनिवारी आला, त्यानं पोतं काढलं आणि म्हणाला, "काका, पप्पांची गाडी मी चालू करणार. पण पॉइंटवर नाही."

त्यानं केलेलं काम मी आठ-दहा शनिवार-रविवार शेजारी बसून बघितलं, आणि ते फार देखणं काम होतं हे मला सांगितलंच पाहिजे. क्रँकच्या टोकाला त्यानं एक दातेरी चकती बसवली. दातांच्या जागा ३६, पण दात ३५. एक दात मुद्दाम नाही. समोर बसवलेला सेन्सर दात मोजत राहतो आणि जिथं दात नाही तिथं डबीला कळतं, की पिस्टन आता कुठं आहे. दुसरा सेन्सर इंजिन हवा किती जोरानं ओढतंय ते सांगतो. डबीतल्या छोट्या संगणकात एक तक्ता असतो. आडवा इंजिनाचा वेग, उभा त्याच्यावरचा भार, सोळा गुणिले सोळा म्हणजे २५६ घरं. प्रत्येक घरात एक आकडा: ठिणगी किती अंश आधी. गंजायला वजनं नाहीत, झिजायला पॉइंट नाहीत. आकडा बदलायचा तर पाना लागत नाही, लॅपटॉप लागतो. हे सगळं जगभरच्या हौशी माणसांनी मिळून केलेलं आणि कुणालाही वापरायला खुलं ठेवलेलं आहे, असं त्यानं सांगितलं, तेव्हा मला गावच्या पाण्याच्या पाळ्या आठवल्या. सगळ्यांचं पाणी, पण दारं धरायला रात्री कुणीतरी एकानं जागायचं.

गाडी अशी चालायला लागली की मी थक्क झालो. मंद चालीत गुटगुट एकसारखी. चढाला पूर्वी जिथं ती गुदमरायची तिथं आता मान वर करून जायची. पुतण्या खूश, मी खूश. दादा असता तर रडला असता.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

एका शनिवारी संध्याकाळी पुतण्या मित्राकडं गेला होता. मी हौसेनं एकटाच गाडीला किक मारली आणि किक उलटी बसली. जोरात नाही, पण टाच अशी झिणझिणली की मी ओट्यावर बसून पाय चोळत राहिलो. पुतण्या आल्यावर मी त्याला बोललो नाही. का नाही बोललो? तो इतक्या आनंदात होता. शिवाय वाटलं, आपलीच किक चुकली असणार. हा म्हणेल, काकांना जमत नाही, म्हातारे झाले. पॉइंटच्या काळातला माणूस ठरायची लाज वाटली, दुसरं काही नाही.

रविवारी सकाळी पुतण्यानं लॅपटॉप गाडीला जोडला. गार इंजिन चालू होताना काय काय होतं त्याची नोंद त्याला करायची होती. मला म्हणाला, "काका, तुम्ही किक मारा, मी इथं बघतो." माझी टाच अजून दुखत होती. आमच्या रानात रोजानं येणारा नाना वैरणीचा भारा टाकून तिथंच उभा होता. पंचेचाळिशीचा, पहिलवानी अंगाचा गडी. मी म्हणालो, "नाना, तू मार रे."

त्यानं मारली. तोच आवाज, जो मी नववीत असताना ऐकला होता.

नानाच्या घोट्याजवळच्या हाडाला चीर गेली होती. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं. पुतण्यानं दवाखान्याचं सगळं बिल भरलं. रात्री तो नोंद उघडून बसला आणि त्याला कारण सापडलं. किक मारतानाचा आकडा वेगळा ठेवलेला असतो, ठिणगी उशिरा पाडणारा. पण तो एका ठरावीक वेगाखालीच लागू होतो. त्याच्या वर डबीला वाटतं, इंजिन चालू झालं. मग ती तक्त्यातला आकडा घेते, चौदा अंश आधी. ही वेगाची हद्द पुतण्यानं स्वतः किक मारून ठरवली होती. तो सडपातळ, बेताबेतानं किक मारणारा. नानाच्या पायातला जोर त्या हद्दीच्या पलीकडचा. डबीनं तो वेग मोजला, ठिणगी लवकर टाकली आणि पिस्टन मात्र वर जाता जाता दाबाखाली मंदावला होता.

"तक्त्यात चूक राहिली काका," पुतण्या म्हणाला. "मी हद्द वाढवली. आता परत होणार नाही."

त्याचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. आणि तरी ते वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. 'तक्त्यात चूक राहिली.' कुणाकडून राहिली? पोरगा वाईट नाही. तो सोमवारी पुण्याला गेला आणि नानाच्या सहा आठवड्यांच्या रोजापेक्षा जास्तच पैसे त्यानं फोनवरून पाठवले. मिस्त्रीनं तर एक रुपयाही दिला नव्हता. हिशोबानं बघितलं तर पुतण्याची भरपाई मोठी. मग मिस्त्रीचं पारडं मला जड का वाटत होतं?

मी बरेच दिवस विचार केला. जुनं ते चांगलं, असं म्हणायला मी तयार नाही. जुन्या वजनांनीच दादाचा घोटा मोडला. बोटाला कळणारा कागदही कामाचा नव्हता, जेव्हा बोटवाल्याला घाई होती. डबीला घाई नसते, तिला गिऱ्हाईक थांबल्याचं दडपण नसतं. एवढ्या बाबतीत ती मिस्त्रीपेक्षा बरीच. पण डबीला पायही नसतो. मिस्त्री टायमिंग लावून झालं की पहिली किक स्वतः मारायचा. स्वतःच्या पायानं तपासायचा. पुतण्यानंही तेच केलं होतं, पण तपासून झाल्यावर तो आकडा त्याचा राहिला नाही, तक्त्याचा झाला. आकडा एकदा घरात बसला की तो जणू तिथं आपोआप उगवल्यासारखा दिसतो. २५६ घरांमध्ये भरणाऱ्याचं नाव कुठंच लिहिलेलं नसतं. आणि हे आमच्या घरच्या गाडीचं झालं, जिचा तक्ता भरणारा माझ्या मांडीवर वाढलेला. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि बहुतेक सगळ्या मोटारसायकलींत अशी डबी कंपनीतूनच बसून येते. तिच्यातले आकडे भरणाऱ्याचं तोंड आपल्याला कधी दिसत नाही. त्याला आपला पाय ठाऊक नसतो.

हे मी पुतण्याला फोनवर सांगितलं. थोडं रागातच सांगितलं. तो गप्प राहिला. पुढच्या शनिवारी आला तो थेट नानाच्या घरी गेला. लॅपटॉप उघडून त्यानं नानाला ते घर दाखवलं आणि म्हणाला, "नानामामा, हा आकडा मी भरला होता. माझ्या पायाच्या मापानं भरला. तुमच्या पायाचा विचार केला नाही."

नानानं पडद्याकडं बघितलं, मग पोराकडं. म्हणाला, "दुरुस्त केलास न्हवं? मग आता वर्सभर पयली किक तू मारायची." आणि हसला. पुतण्या अजून ते पाळतो. महिन्यातून एकदा येतो, गाडीत काही बदललं असलं की सगळ्यांना लांब उभं करतो आणि गार इंजिनाला आधी मंद, मग सगळ्या ताकदीनं किक मारतो. नानाचं प्लॅस्टर निघाल्यावर दोन रविवार त्यानं वैरणही कापली. त्याला विळा धरता येत नाही, ते सोडा.

म्हणजे पोरगा सुटला. राहिलो मी.

आदल्या संध्याकाळी किक उलटी बसली होती हे ठाऊक असणारा एकटा मीच होतो. ते मी पुतण्याला सांगितलं असतं तर त्यानं तेव्हाच नोंद बघितली असती. ते सांगितलं नाही आणि वर नानाला म्हणालो, तू मार. डिकॉम्प्रेशनची खिटी दाबायचीही आठवण त्याला केली नाही. पोराला जबाबदारीचं व्याख्यान देणारा मी, सहा महिने हे पोटात घेऊन हिंडलो. तक्त्यात चूक होती हे मलाही सोयीचंच होतं.

परवा बांधावर बसलो होतो. आभाळ भरून आलं होतं. नाना घोटा चोळत होता. मी एकदाचं सगळं बोलून टाकलं.

नाना म्हणाला, "मला म्हाईत हुतं, अण्णा. आदल्या दिशी वट्ट्यावर तुमी टाच चोळत बसला हुता. मी वैरण टाकाया आलतो न्हवं."

मी म्हणालो, "आरं, म्हाईत हुतं तर मग किक मारलीस कशाला?"

त्यानं विळा उचलला आणि उसाच्या सरीत शिरता शिरता म्हणाला,

"तुमी म्हनला म्हणून."