पॅनल सुरू करण्याआधी

छत्रपती संभाजीनगर

चि. छोटीस,


वाळूजच्या शाळेत तुझ्या वर्गात मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनल बसलं आणि 'गणिताला वापरा' असा निरोपही आला, हे तुझ्या आईकडून कळलं होतंच. 'मावशी, यावर नेमकं काय दाखवू?' असं तू विचारलं आहेस. तर आधी दाखवण्याची घाई सोड. मुलांनी वहीत आपला अंदाज लिहिल्याशिवाय पडद्यावर काहीही हलवायचं नाही, एवढा एकच नियम स्वतःला घालून घे. बाकी सगळं हळूहळू जमेल.

पडद्यावर आकृती सरसर फिरते, रंग बदलतात आणि मुलं एका सुरात 'हो मॅडम, कळलं' म्हणतात. त्यांनी पाहिलेलं असतं, कळलेलं नसतं. अंदाज लिहिलेला असला की मुलाचं त्यात मन अडकतं. आपलं बरोबर आलं की चुकलं, हे पाहायला ते मान उंच करतं. गणिताच्या तासाला मला ती उंचावलेली मान हवी असते.

साधन म्हणून जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर घे. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात 2001 साली विद्यार्थी असताना ते करायला घेतलं. ते शाळांना मोफत मिळतं आणि एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड आणि दीक्षावरचे व्हिडिओ चांगले आहेत, पण ते गैरहजर राहिलेल्या मुलाला घरी पाहायला सांग. तासाला तू उभी असताना दुसऱ्या कुणाचा आवाज कशाला?

सुरुवात आपल्याच मुलखातून कर. चाळीसगाव तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगरापायथ्याशी पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा शिलालेख तिथलाच. 1150 च्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी एक उदाहरण घातलं आहे. नऊ हात उंच खांब, बुडाशी सापाचं बीळ, वर बसलेला मोर. साप खांबाच्या तिप्पट, म्हणजे 27 हातांवरून बिळाकडे निघालेला मोराला दिसतो. मोर तिरकी झेप घेतो आणि दोघांनी सारखंच अंतर काटलेलं असताना सापाला धरतो. बिळापासून किती हातांवर?

हे नुसतं सांग आणि पॅनल बंदच ठेव. वहीत आकडा लिहायला लाव. बरीच मुलं मधोमध म्हणून साडेतेरा लिहितील. मग जिओजेब्रात जमिनीची रेघ काढ, नऊचा खांब उभा कर, रेघेवर सरकणारा एक बिंदू ठेव आणि मोराचं व सापाचं अंतर बाजूला आकड्यात दिसू दे. साडेतेरावर बिंदू ठेवला की साप 13.5 हात चाललेला आणि मोर 16.22 हात उडालेला दिसतो. आता विचार: बिंदू बिळाकडे न्यायचा की लांब? उत्तर आलं की मगच सरकवायचा. तो 12 वर आला की दोन्हीकडे 15.

इथवर खेळ झाला. आता पॅनल बंद करून खडू हातात घे. बिळापासूनचं अंतर क्ष धरून पायथागोरसचं प्रमेय मांडलं की क्षचा वर्ग अधिक 81 हे (27 वजा क्ष) याच्या वर्गाइतकं. दोन्हीकडचे वर्ग कटतात आणि क्ष 12 येतो. मग पुन्हा पॅनल लावून खांब दहा हातांचा कर, अंतर 27 च ठेव. पडदा म्हणतो 11.65. समीकरण म्हणतं 629 भागिले 54. यातलं खरं कोणतं, असं विचार आणि गप्प राहा. दशांशानंतर दोनच स्थळं दिसताहेत, हे एखाद्या मुलाच्या लक्षात येईपर्यंत थांब, तास संपला तरी चालेल. पडदा जवळ नेऊन सोडतो, नेमकं उत्तर समीकरणातूनच मिळतं, हे त्या वयात एकदा कळलं की सिद्धता कशाला लिहायची हा प्रश्न मुलं पुन्हा विचारत नाहीत.

भास्कराचार्यांची रीत दुसऱ्या दिवशी दे: उंचीच्या वर्गाला अंतराने भागायचं, येईल ते अंतरातून वजा करायचं, बाकीचं निम्मं करायचं. 81 भागिले 27 म्हणजे 3, 27 मधून गेले 24, निम्मे 12. ही रीत आपल्याच समीकरणातून कशी निघते, ते मुलांना काढू दे.

त्रिकोणाच्या कोनांचंही असंच. पडद्यावर तिन्ही मापं दोन दशांशांत दिसतात. त्रिकोण ओढत राहिलीस तर केव्हातरी त्यांची बेरीज 180.01 भरेल. ते लपवू नकोस, फळ्यावर लिही.

बिंदू सरकवायला दर वेळी एकाच हुशार मुलाला बोलावू नकोस. मागच्या बाकावरच्या मुलींना बोलाव. यंत्राला हात लावण्याची संधी ज्यांना घरी मिळत नाही, त्यांनाच वर्गात आधी मिळाली पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे. भौमितिक रचना मात्र सगळ्यांनी कंपास-पट्टीनेच काढायच्या. आलेखाचंही तेच: पहिले चार-पाच आलेखकागदावर, मग पडद्यावर. लाइट गेली तर काय, हा प्रश्न मग उरतच नाही.

तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील एमआयडीसीत आहेत. त्यांच्यातला एखादा सीएनसी मशीन चालवत असेल, त्याला निर्देशक भूमितीच्या तासाला बोलाव. 'जी 01 एक्स 40 वाय 25' असं लिहिलं की हत्यार सरळ रेषेत (40, 25) या बिंदूकडे जातं. (40, 25) हे पुस्तकात कंटाळवाणं वाटतं. बाप सांगतो की चिन्ह चुकलं तर घडवत असलेला जॉब वाया जातो, तेव्हा ऋण निर्देशकाला वजन येतं. मग त्याच ओळी मुलांनी जिओजेब्रात बिंदू म्हणून टाकाव्यात आणि जोडाव्यात.

त्रिकोणमितीसाठी पॅनलची गरजच नाही. सहल दौलताबादला ने. मोबाइलमध्ये तिरकेपणा मोजणारं ॲप असतं. फोनच्या कडेवरून चांदमिनारचं टोक धरायचं आणि ॲप 45 अंश दाखवेपर्यंत मागे सरायचं. टॅन 45 म्हणजे 1, त्यामुळे मिनारच्या मध्यापासूनचं अंतर अधिक डोळ्याची उंची, झाली मिनारची उंची. मध्यापासून हं, भिंतीपासून नव्हे. बुंध्याची अर्धी जाडी मुलं हमखास विसरतात. मिनार सुमारे 64 मीटरचा. मग ठरलेल्या 60 मीटरवर उभं राहून उन्नत कोन मोजायला लाव. डोळा जमिनीपासून दीड मीटरवर धरला, तर 46 अंशाला 63.6 आणि 47 अंशाला 65.8 मीटर येतात. एका अंशाने दोन मीटरहून जास्त फरक! प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येईल. ते सगळे आकडे टिपून आण, सांख्यिकीचा धडा त्यांच्यावरच घे. पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा स्वतः मोजलेल्या आकड्यांचा मध्य काढताना मुलं जास्त भांडतात, आणि भांडली पाहिजेत.

फोटो काढला की उत्तर देणाऱ्या ॲप्सचं तू लिहिलं आहेस. बंदी घालून ती थांबणार नाहीत. घरचा अभ्यासच बदल: ॲपने दिलेल्या पायऱ्या वहीत उतरवायच्या आणि प्रत्येक पायरीसमोर 'असं का' ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. 'दोन्ही बाजूंना 7 ने भागलं' एवढं लिहिलं तरी पुरे. तपासताना तू फक्त तीच बाजू वाच.

पहिल्या महिन्यात आठवड्याला एकच तास पॅनलवर घे. बाकीच्या तासांत काय अडलं ते मला कळव, फोनवर नको, लिहून. सहलीची तारीख ठरली की आधी सांग. 30 मीटरचा टेप माझ्याकडे आहे, तो पाठवून देईन.

तुझी,
मावशी