अक्षता आणि पिसदुऱ्याचा दगड

आमच्या पवनी भागात धानाचा दाणा पायाखाली आला तर माणूस वाकून तो उचलतो आणि कपाळाला लावतो. शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हाही मी हे करत होते, निवृत्तीनंतरही करते. पण अन्न पवित्र का, या प्रश्नाचा मुळापासून विचार करायला मला वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्यानं लावलं.

भिवापूर, चिमूर करत आम्ही चैत्रात तिथं गेलो. घाट नाही, चढ नाही, पायऱ्या नाहीत. पांदण धरून कुणाही म्हाताऱ्या माणसानं सावकाश चालावं अशी वाट. पिकं निघून गेलेली, जमीन भेगाळलेली, नजर जाईल तिथवर ओसाड रान. राजस्थानात जैसलमेरजवळ आकलच्या वाळवंटात दगड झालेले झाडांचे ओंडके पाहायला लांबून लोक येतात. पिसदुऱ्याचं वैभव तसं नजरेत भरत नाही, ते पायाशी ढेकळांत पडलेलं असतं. मुठीत मावतील असे, वळ्या पडलेले, करडे-तपकिरी दगड. साडेसहा कोटी वर्षांहून जुनी प्राण्यांची विष्ठा मातीत गाडली जाऊन तिचा दगड झाला आहे. त्याच थरांत लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरांची हाडंही सापडतात.

२००५ साली शास्त्रज्ञ वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दगडांच्या आत काय आहे ते जगापुढे मांडलं. गवत मुळांवाटे पाण्यात विरघळलेली सिलिका शोषतं आणि आपल्या पेशींमध्ये साठवतं. गवत कुजून गेलं तरी सिलिकेचे हे सूक्ष्म कण उरतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचं कूळ ओळखता येतं. रोवणी-कापणी केलेल्या प्रत्येक बाईला ही सिलिका ठाऊक आहे. धानाचं पातं हात कापतं ते तिच्याच जोरावर. पिसदुऱ्याच्या दगडांत असे कण सापडले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, हा तोवरचा समज त्यांनी मोडला. पुढे २०११ साली या विष्ठेत धानाच्या गोतातल्या गवताच्याही खुणा असल्याचं प्रसिद्ध झालं. तो आपण खातो तो तांदूळ नव्हे. माणसानं धान लावायला सुरुवात केली ती फार अलीकडे, गेल्या काही हजार वर्षांत. पण धान ज्या वंशातून आलं, त्याचे पूर्वज त्या रानात उगवत होते. तेव्हा भारताची भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि तिच्यावर लाव्हाचे थर साचत होते.

घरी येऊन मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. माझ्या मनात एक अडचण होती. देवाला वाहतो त्या अक्षतेचं गोत जनावराच्या विष्ठेत सापडावं, हे सोवळं पाळणाऱ्या घरात कसं बोलायचं? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपुन बांधीत शेनखतच टाकतो नं? मंग तोच तांदूर देवाले चालते का नाई?"

मला हे उत्तर खोल वाटतं. पावित्र्य वस्तूच्या उगमात असतं असं मानलं, तर जगात एकही वस्तू पवित्र उरणार नाही. बांधीतला प्रत्येक दाणा शेणातून, कुजलेल्या पाल्यातून, मेलेल्या किड्यांतून वर आलेला आहे. शेतकऱ्याच्या घरात शुद्ध-अशुद्धाची रेघ मुळातच पक्की नसते.

दुसरी अडचण मात्र इतक्या सहज सुटत नाही. देवानं माणसासाठी अन्न निर्माण केलं, असं आपण जेवताना मनात धरतो. पण हे गवत उगवलं तेव्हा माणूस कुठंच नव्हता. ते खाणारे अजस्र प्राणी नाहीसे झाले आणि गवत राहिलं. त्यात आपल्यासाठी योजलेलं काही होतं, असं त्या दगडाकडे पाहून मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. आपल्या पुराणांत युगांचे आणि कल्पांचे प्रचंड आकडे आहेत म्हणून हे सगळं पूर्वजांना माहीत होतं, असंही मी म्हणणार नाही. मग आभार कुणाचे मानायचे?

या प्रश्नापाशी मला स्टीफन हिस्लॉप आठवतात. नागपूरला १८४५ साली आलेले हे धर्मोपदेशक हयातभर विदर्भाचे खडक आणि जीवाश्म तपासत राहिले. पिसदुऱ्याच्या हाडांची नोंद करणाऱ्या पहिल्या लोकांत ते होते. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतीच्या वाटेवर नाला ओलांडताना ते बुडाले. अखेरपर्यंत ते धर्मोपदेशकच होते. श्रद्धा आणि खडक एकाच माणसाच्या आयुष्यात नांदू शकतात, एवढं त्यांच्याकडे पाहून पटतं. कसे नांदावेत, हे मात्र ज्यानं त्यानं आपल्या परंपरेत शोधायचं असतं.

मला ते दोन ठिकाणी सापडलं. तैत्तिरीय उपनिषदात भृगू ब्रह्म जाणायला निघतो आणि तप केल्यावर त्याला पहिल्यांदा कळतं ते अन्न. पुढे तो प्राण, मन, विज्ञान ओलांडून आनंदापर्यंत जातो, तरी अन्नाचा मान कमी होत नाही. तिथं अन्न माणसासाठी केलेलं नाही. सगळी भूतं अन्नातून जन्मतात आणि अन्नातच परत जातात. खाणाराही कुणाचं तरी अन्न आहे. त्या विशाल प्राण्यांनाही हा नियम लागू होता, मलाही आहे.

दुसरं ठिकाण पितृपक्षातलं तर्पण. बोटात दर्भ असतो, तोही गवतच. आई-वडील, आजे-पणजे झाले की पाणी तिथंच थांबत नाही. ज्यांना कुणी उरलं नाही त्यांना, आणि ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना ते दिलं जातं. वर्षानुवर्षं मी हे ऐकत आले. पिसदुऱ्यानंतर त्यातली काडी मला खरी पूर्वज वाटू लागली. ऋण मानायला, देणाऱ्यानं आपल्याला डोळ्यांपुढे ठेवून दिलं असलंच पाहिजे, अशी अट नसते. पणजीनं बियाणं राखलं तेव्हा तिला माझं नावही माहीत नव्हतं. तरी मी तिची ऋणी आहे. तसंच त्या गवताचं.

म्हणून अन्न माझ्यासाठी निर्माण केलंस, असं मी आता देवाला म्हणत नाही. या लांबलचक पंगतीत मला पान वाढलंस, पुढच्याचं पान मी मांडीन, असं म्हणते. हे नुसतं म्हणून भागत नाही. चिन्नोर धानाचं बियाणं घरी राखायचं, तणीस जाळायची नाही, बोडीतला गाळ काढून बांधीत टाकायचा, ही माझ्यासाठी पूजेचीच अंगं झाली आहेत. ज्यांना हे ऋण पटतं त्यांनी पिसदुऱ्याची ती सोपी वाट एकदा चालावी, लेकरांनाही न्यावं. दगड हातात घेऊन पाहावा, नमस्कार करावा आणि होता तिथंच ठेवून यावा, कारण त्याच्यावर पुढच्यांचाही हक्क आहे.