आज्ञापालनाचे ऋण

निफाडच्या थंडीचा कडाका जानेवारीत असह्य असतो. द्राक्षबागायतदार पहाटे बागांतून शेकोट्या पेटवून घडांचे रक्षण करीत असतात. याच दिवसांत, 18 जानेवारीला, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची जयंती येते. 1842 मध्ये त्यांचा जन्म येथे झाला, याचा गावाला रास्त अभिमान आहे. बालपण मात्र कोल्हापुरात गेले. तिकडे जाताना रात्रीच्या प्रवासात हे मूल बैलगाडीतून खाली पडले आणि मागून घोड्यावरून येणाऱ्या काकांनी त्याला उचलून घेतले, अशी कथा चरित्रांतून येते. ज्या घराने त्यांना असे सांभाळले, त्या घराचे बंधन त्यांनी आयुष्यभर मानले.

तालुक्यातील एका शाळेत मी दीर्घकाळ अध्यापन केले. त्यामुळे जयंतीची भाषणे पुष्कळ ऐकली आणि काही स्वतःही केली. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थी, एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक, पुणे सार्वजनिक सभेचा आधारस्तंभ, सामाजिक परिषदेचा प्रवर्तक आणि 1893 पासून उच्च न्यायालयाचा न्यायाधीश, हा क्रम विद्यार्थ्यांना पाठ असतो. 1873 या वर्षाचा उल्लेख मात्र बहुधा टाळला जातो. माझ्या मते रानडे समजून घेण्याची वाट त्याच वर्षातून जाते.

त्या वर्षी त्यांच्या पत्नी सखूबाई निवर्तल्या. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीत अग्रभागी होते. आता ते स्वतः विधवेशी विवाह करतील, ही अनेकांची अपेक्षा होती. वडिलांना नेमकी तीच भीती होती. गोविंदरावांनी तातडीने दुसरा विवाह ठरविला. मुलाने नकार दिला, विनवणी केली; पण वडिलांनी संबंध तोडण्याची भाषा केल्यावर तो नमला. वधू होती अकरा वर्षांची यमुना कुर्लेकर, म्हणजे पुढच्या रमाबाई. विवाहानंतर घरी येऊन रानडे कोणाशी न बोलता खोलीत दार लावून बसले, अशी नोंद रमाबाईंच्या आठवणींत आहे.

त्या बंद दाराविषयी मी वारंवार विचार केला आहे. पितृभक्ती हा सद्गुण आहे, यात मला शंका नाही. परंतु आज्ञापालनाचे मूल्य आज्ञा पाळणारा एकटाच चुकवीत नाही. रानड्यांनी लोकनिंदा सोसली; तो त्यांचा वाटा झाला. दुसरा वाटा त्या मुलीच्या पदरात पडला, जिला कोणी काही विचारले नव्हते. तिसरा वाटा, जिच्याशी विवाह होऊ शकला असता अशा एखाद्या अनाम विधवेचा. याच चळवळीतील विष्णुशास्त्री पंडितांनी पुढे थोड्याच काळात स्वतः विधवेशी विवाह केला. म्हणजे ती वाट त्या काळात अशक्य नव्हती. रानड्यांवर मनापासून श्रद्धा असूनही हे मला नाकारता येत नाही.

तथापि त्यांची थोरवी मला दिसते ती यानंतरच्या काळात. आपल्या हातून घडलेल्या गोष्टीचे त्यांनी समर्थनही केले नाही आणि खंत करीत आयुष्यही घालविले नाही. पाटी-पेन्सिल आणवून त्यांनी पत्नीला अक्षरओळख करून देण्यास प्रारंभ केला. मराठीनंतर इंग्रजी आली. न्यायालयाचे काम, सभेची निवेदने, मित्रांची ये-जा, या साऱ्यांतून शिकवणीचा वेळ काढला गेला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी रमाबाईंचा या शिक्षणापायी पुष्कळ छळ केला. उलट उत्तर देऊ नये आणि शिकणेही सोडू नये, असा पतीचा उपदेश होता. तो देणे सोपे होते, पाळणे फार कठीण. आणि पाळावयाचा होता रमाबाईंना. रानड्यांनी त्या स्त्रियांना अंतर दिले नाही आणि शिकवणीही थांबविली नाही. दोन्ही निष्ठा त्यांनी एकाच छपराखाली सांभाळल्या. त्यांतील संघर्षाचा भार मात्र पत्नीने वाहिला. 1884 मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू करण्यात रानडे पुढे होते, आणि जी मुलगी अकराव्या वर्षी निरक्षर होती तिने त्या कार्यात इंग्रजीतून भाषण केले.

पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात हाच स्वभाव पुन्हा दिसला. 1890 मध्ये पुण्यातील या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे आणि इतर काही जणांनी चहा घेतला, आणि सनातन्यांनी ते पाप ठरविले. पाप घडले असे रानडे मानत नव्हते, तरी पुढे त्यांनी प्रायश्चित्त घेतले. सनातन्यांना ते अपुरे वाटले, सुधारकांना लाजिरवाणे. मला त्यात भ्याडपणा दिसत नाही. समाजाला मागे टाकून पुढे जाणे त्यांना शक्य नव्हते. त्यांना सर्वांसह जायचे होते. अशा माणसाची गती मंद असते, आणि त्या मंदपणाची झळ सर्वांत दुर्बळाला सर्वाधिक लागते, हेही तितकेच खरे.

16 जानेवारी 1901 रोजी रानडे गेले. त्यानंतर रमाबाईंनी सेवासदन उभारले. मुंबईत 1908 मध्ये आणि पुण्यात 1909 मध्ये. तेथे शिकण्यास आलेल्या अनेक जणी विधवा होत्या. या कार्याने 1873 च्या ऋणाची फेड झाली, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्याविषयी बोलण्याचा पहिला हक्क रमाबाईंचा होता, आणि 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात त्यांनी पतीविषयी अपार आदरानेच लिहिले.

आज्ञापालनाचा हाच पेच मी शाळेतही पाहिला. आमच्या वर्गातील एखाद्या मुलीचे नाव दहावीपूर्वीच हजेरीपटावरून कमी होई. चौकशी केली की उत्तर मिळे, ‘घरच्यांचा शब्द मोडता आला नाही, सर.’ सांगणारा भाऊ सुशिक्षित असे आणि त्याला खरोखर वाईट वाटलेले असे. म्हणून तालुक्यातील शाळांना माझी विनंती आहे की, येत्या 18 जानेवारीला प्रतिमापूजन आणि भाषणे अवश्य व्हावीत; परंतु रमाबाईंच्या ग्रंथातील विवाहाचा भागही मुलामुलींसमोर आणि पालकांसमोर मोठ्याने वाचला जावा, आणि त्यानंतर बोलण्यासाठी प्रथम मुलींना वेळ द्यावा.