ओळख नसलेल्याची फिर्याद

खान्देशात पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ आली, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वयखीना कोनी शे का तठे?" काय झाले, कधी झाले, कोणी केले हे सगळे नंतर. आधी ठाण्यात ओळखीचा कोण आहे ते शोधायचे. नगरसेवकाचा फोन, भावकीतला हवालदार, नाहीतर साहेबांच्या चालकाचा मेहुणा. पोलीस आणि लोक यांच्या नात्यावर बोलताना आपण दंगल, बंदोबस्त, लाठीमार यांपासून सुरुवात करतो. मला वाटते, सुरुवात या प्रश्नापासून करावी.

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातली तक्रार घ्या. व्यापारी बाग कापून माल नेतो, पैसे पुढच्या आठवड्यात म्हणतो आणि मग फोन उचलत नाही. शेतकरी वजनाच्या चिठ्ठ्या पिशवीत घालून ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे उभा राहतो. "व्यवहाराचा मामला आहे, कोर्टात जा," असे उत्तर मिळते. तशाच चिठ्ठ्या घेऊन दुसरा कोणी वजनदार माणसाबरोबर आला, की त्यात फसवणुकीचा गुन्हा दिसू लागतो. कागद तसेच, टेबलही तेच. फरक फक्त सोबत आलेल्या माणसाचा. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद करावीच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात बजावले. फिर्यादीची प्रत मोफत मिळणे हा तर त्याआधीपासूनचा हक्क आहे. तरीही सोबत कोणी नसलेला माणूस रिकाम्या हाताने परततो आणि घरी सांगतो, "आपलं तिथं कोणी नाही."

ओळखीच्या बळावर पोलीस चालवण्याचा मोठा प्रयोग याच भूमीत झाला होता. 1818 नंतर इंग्रजांच्या फौजांना सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल आवरेनात. 1825 मध्ये जेम्स औट्रम नावाचा तरुण अधिकारी आला. तो भिल्लांत मिसळला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला आणि त्यांच्यातूनच त्याने भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगावला होते. कालपर्यंत ज्यांचा पाठलाग होत होता, त्यांच्याच हाती राखण आली. या प्रयोगामागे साम्राज्याची सोय होती, भिल्लांचे भले नव्हे, आणि पुढे त्याच राजवटीने जमातीच्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारणारा कायदा आणला. पण ज्यांच्यावर अंमल करायचा त्यांच्यात बसल्या-उठल्याशिवाय पोलिसाचे काम होत नाही, एवढे औट्रमला कळले होते.

मात्र ओळख एकाच बाजूची असली की काय होते, हे जळगावने पाहिले आहे. मे 1970 मध्ये भिवंडी पेटली आणि दुसऱ्याच दिवशी जळगाव. शहरात चाळीसहून अधिक माणसे गेली, जवळपास सगळी मुसलमान. भिवंडी, जळगाव आणि महाड या तिन्ही ठिकाणची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. भिवंडीतल्या विशेष तपास पथकाच्या पक्षपातावर आयोगाने जे लिहिले, ते आजही प्रत्येक पोलीस प्रशिक्षण विद्यालयात शिकवायला हवे.

भिवंडीने त्यातून पुढे काहीतरी घेतले. 1988 च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना आणि गल्लीतल्या दादांना बाजूला ठेवून दोन्ही समाजांतली साधी माणसे बसवली आणि ठाण्यातल्या कनिष्ठ पोलिसांना एकेका वस्तीशी जोडले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना, दंगलींसाठी बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे गणपती-ईदच्या आधी भरणाऱ्या शांतता कमिटीत मात्र त्याच त्या चेहऱ्यांचा चहा होतो आणि बैठक संपते.

पोलीस आणि लोक यांच्यातल्या दुराव्याची किंमत धुळ्याला फार मोजावी लागली. 6 जानेवारी 2013 ला मच्छीबाजारातल्या एका खानावळीत बिलाच्या किरकोळ पैशांवरून भांडण झाले. मार खाल्लेला रिक्षाचालक आधी पोलिसांकडेच गेला होता, पण त्याची दाद घेतली गेली नाही, असे नंतर गेलेल्या सत्यशोधन पथकांना लोकांनी सांगितले. संध्याकाळपर्यंत दगडफेक, जाळपोळ आणि पोलिसांचा गोळीबार. सहा तरुण मेले, सहाही मुसलमान. कितीतरी पोलीसही जखमी झाले. पुढे चित्रफिती बाहेर आल्या, त्यांत वर्दीतली माणसे तोडफोड आणि लूट करताना दिसली, आणि काही पोलिसांना अटक झाली. ती तक्रार टेबलावर वेळीच नीट लिहून घेतली असती तर दंगल टळलीच असती, असे मी म्हणणार नाही. त्या शहरात 2008 च्या दंगलीच्या जखमाही ओल्या होत्या. पण आपले गाऱ्हाणे ठाण्यात ऐकले जाईल असा भरवसा असलेला माणूस जमाव गोळा करायला जात नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

आणि राईनपाडा. साक्री तालुक्यातल्या या आदिवासी गावात 1 जुलै 2018 ला रविवारचा बाजार भरला होता. मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पकडले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. आधी पोहोचलेले पोलीस मोजके होते, जमावापुढे त्यांचे काही चालले नाही. मोबाइलवरच्या अफवांना दोष दिला गेला आणि तो खराच आहे. पण ज्या गावाला संशयिताला पोलिसांच्या हवाली करण्यात अर्थ वाटत नाही, तिथे अफवा येण्याआधीच काहीतरी तुटलेले असते. त्या पाच जणांना तर तिथे कोणाची ओळख असण्याचा प्रश्नच नव्हता. सबंध व्यवस्था ओळखीवर चालत असेल, तर फिरस्त्याने कोणाकडे बघायचे? त्यानंतर 17 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितले. अधिकारी नेमणे सोपे असते. पालावरच्या माणसाला ठाण्याची वाट आपली वाटणे अवघड असते.

पोलिसांची बाजू मी विसरलेलो नाही. सणावारी घरचे ताट सोडून चौकात उभा राहणारा शिपाई, चोवीस तासांचा बंदोबस्त उरकून पुन्हा टेबलावर बसणारा अंमलदार, वरून फोन आला म्हणून तोंड गप्प ठेवणारा फौजदार हे सगळे आपल्याच घरांतले आहेत. त्यांना वाकवणारा फोन बऱ्याचदा आपणच करतो. आपले काम होण्यासाठी वशिला लावायचा आणि वशिल्याने काम होते म्हणून पोलिसांना नावे ठेवायची, हे जमणार नाही. आपण लावलेला प्रत्येक फोन बाकावर बसलेल्या बिनओळखीच्या माणसाला मागे ढकलतो.

म्हणून शांतता कमिटीवर असलेल्यांना, पोलीस पाटलांना, पत्रकारांना आणि वकिलांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत मिरवणुकीचा मार्ग ठरवून झाला की साहेबांना विचारा : गेल्या महिन्यात ठाण्यात किती जण तक्रार घेऊन आले, किती तक्रारी नोंदल्या गेल्या, किती जणांच्या हातात प्रत पडली आणि त्यांतले किती जण एकटे आले होते? उत्तर मिळेपर्यंत दर बैठकीत विचारत राहा.