जिद्दीची उसनवारी

आयर्लंडमध्ये 1953 साली ‘रॉस टॅल्टन’ ही हौशी सायकलपटूंची शर्यत सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती आठ दिवसांची झाली आणि गावोगाव फिरू लागली. 1958 साली ती जिंकली केरी परगण्यातल्या मिक मर्फी या शेतमजुराने. दगडांची वजनं उचलून त्याने शरीर कमावलं होतं. शर्यतीत पडून खांद्याजवळचं हाड मोडलं, तरी तो थांबला नाही. लोक त्याला ‘पोलादी माणूस’ म्हणू लागले.

त्या शर्यतीतला एक प्रसंग आजही चवीने सांगतात. वाटेत मर्फीची सायकल नादुरुस्त झाली. कडेला एका शेतकऱ्याची सायकल दिसली. ती उचलून तो पुढे गेलेल्यांच्या पाठी लागला. ऐकणारा म्हणतो, काय ही जिद्द! माझं मन मात्र त्या शेतकऱ्यापाशी अडतं. त्या काळी खेड्यात बाजार, चर्च, शेत, सगळ्याला एकच वाहन. तो त्या दिवशी घरी कसा गेला असेल?

मर्फीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. त्याच्याकडूनही पुष्कळ घेतलं गेलं. तो ज्या सायकलपटूंच्या संघटनेत होता, ती अखंड आयर्लंडच्या 32 परगण्यांवर हक्क सांगे, म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने तिला बाहेर ठेवलं होतं. ऑलिंपिकचं दार त्यामुळे बंद. टाळ्या भरपूर मिळाल्या, पोटाला काम मिळालं नाही. काही काळातच तो इंग्लंडला गेला आणि तिथे विटा रचू लागला. गावांनी त्याच्याकडून अभिमान घेतला, परतफेडीचं कोणाला सुचलं नाही.

आपल्याकडेही स्पर्धा परीक्षेत मुलगा चमकला की सत्कारात त्याच्या जिद्दीचे गोडवे गातात. त्यासाठी बहिणीची शाळा सुटलेली असते, आईचे दागिने सावकाराकडे असतात. भाषणात त्यांना ‘प्रेरणास्थान’ म्हटलं की हिशेब मिटला, असं आपण धरून चालतो. तो मिटत नाही. संकटात दुसऱ्याचं उचलावं लागतं, त्यात कमीपणा नाही. यश आल्यावर ते विसरणं मात्र अन्याय आहे. पहिल्या पगारातून आधी दागिने सोडवावेत, बहिणीचं नाव पुन्हा शाळेत घालावं. हार त्यानंतर गळ्यात घ्यावा.